शेड नको, सांधा तापवा: थंडीतल्या घरच्या सुतारकामाचा खर्च

पुतणीच्या केळवणासाठी सागवानी चौरंग करायला घेतला होता. जानेवारी महिना. दोन फळ्या कडेला कडा लावून जोडायच्या, एवढंच काम. कामावरून येऊन संध्याकाळी सातला गोंद लावला, शिकंजे आवळले आणि जेवायला गेलो. सकाळी जोड बघितला तर झकास, केस शिरायला जागा नाही. चार दिवसांनी पाय बसवताना हातोडीचा एक ठोका पडला आणि चौरंग त्या रेषेवर सरळ दुभंगला. लाकडाचा एक तंतू सुटलेला नाही. नुसती पांढरी भुकटी, भिंतीच्या जुन्या चुन्यासारखी. आमच्या गल्लीतले सुतारकाका आले, त्यांनी नखानं ती खरवडली आणि म्हणाले, “गोंद वाळलाय हो, पण धरला नाही. थंडी खाल्ली त्यानं.”

त्यांच्या त्या एका वाक्यामागे रसायनशास्त्र आहे. आपला पांढरा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे राळेचे बारीक कण. पाणी लाकडात मुरतं, हवेत उडतं, कण जवळ येतात, दबतात आणि एकमेकांत विरघळून सलग पापुद्रा होतो. कण पुरेसे गरम असतील तरच ते मऊ राहून मिसळतात. गार असले तर पाणी निघून जातं, पण कण सुटेच राहतात. तीच ती भुकटी. परदेशी गोंदाच्या माहितीपत्रकात याची किमान मर्यादा दिलेली असते: टाइटबाँड ओरिजिनलला सुमारे १० अंश, त्याच्या दुसऱ्या प्रकाराला १३, तिसऱ्याला ८. आपल्याकडच्या डब्यावर आकडा असला तर पाळा, नसला तर १५ अंश धरून चाला. आणि हे तापमान खोलीतल्या हवेचं नाही, लाकडाचं आणि गोंदाचं.

महाराष्ट्रात थंडी ती कसली, असं म्हणणाऱ्यांनी निफाडला एक रात्र काढावी. इथे कडाक्याच्या रात्री द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. नागपूरचा पारा २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांवर उतरला होता, आणि पुण्याच्या नोंदीत जानेवारी १९३५ ची १.७ अंशांची पहाट आहे. पण आपल्या थंडीचा स्वभाव वेगळा. रात्री ७ अंश, दुपारी २८. युरोप-अमेरिकेतल्या कारागिरांनी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते याचमुळे. त्यांना तीन महिने गॅरेज तापवावं लागतं. आपल्याला रोज दुपारी सूर्य फुकट तापवून देतो. आपली अडचण रात्रीची आहे, आणि हौशी माणसाला कामाला नेमकी रात्रच मिळते.

खाली दिलेले भाव मी गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या बाजारात विचारलेले आहेत. तुमच्या गावी थोडे इकडेतिकडे होतील. विजेचा हिशोब युनिटला १२ रुपये धरून केला आहे. तुमच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करा आणि तो दर घाला.

पहिला खर्च तीनशे रुपयांचा

हीटर बघायला जाण्याआधी तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या. ३०० ते ६०० रुपये. वायरच्या टोकाला संवेदक असलेला साधा तापमापक तर दीड-दोनशेतही मिळतो, आणि सुतारकामाला खरं तर तोच जास्त उपयोगी, कारण त्याचं टोक दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून लाकूड किती गार आहे ते कळतं. मी पहिल्यांदा ठेवलं तेव्हा सकाळी दहाला शेडमधली हवा १९ अंश होती आणि इंचभर जाडीच्या फळीच्या पोटात अजून ११. हवा तापली म्हणून लाकूड तापलं असं होत नाही. ते दोन-अडीच तास मागे असतं.

ज्यांना रविवार मोकळा आहे त्यांचा खर्च इथेच संपतो. फळ्या सकाळी आठला बाहेर काढा, उन्हाजवळ पण सावलीत, दोन्ही अंगांना हवा लागेल अशा उभ्या करा. थेट उन्हात आडवी ठेवलेली फळी एका बाजूनं सुकते आणि पन्हाळीसारखी वाकते, मग जोड बसतच नाही. गोंदाची बाटली घरात, स्वयंपाकघरात. साडेअकराला गोंद लावा, संध्याकाळपर्यंत शिकंजे सोडू नका. इतर वेळी तासाभरात सुटणारा जोड थंडीत तीन-चार तास आवळलेला बरा. पापुद्रा एकदा नीट धरला की रात्रीच्या ७ अंशांनी त्याचं काही वाकडं होत नाही.

फुटलेल्या जोडावर मात्र पुन्हा गोंद फासू नका. जुनी भुकटी आणि पापुद्रा नव्या गोंदाला लाकडापर्यंत पोचू देत नाही. दोन्ही कडा रंध्यानं ताज्या लाकडापर्यंत उतरवाव्या लागतात. माझ्या चौरंगाची रुंदी त्यात पाव इंचानं कमी झाली आणि दोन सुट्ट्या गेल्या. सागवान घनफुटाला तीन हजारांपासून सहा-सात हजारांपर्यंत आहे, बल्लारशाचा माल वरच्या टोकाला. दोन फूट बाय चार फूट, इंचभर जाडीचा टेबलाचा माथा म्हणजे घनफुटाचे दोन तृतीयांश. चार हजारांचा भाव धरला तरी २,६०० रुपयांच्या वर लाकूड त्या एका पांढऱ्या रेषेवर टांगलेलं असतं.

शेड तापवायला किती पडतं

माझी शेड पत्र्याची, १० बाय १५ फूट, उंची ९. भिंती आणि छप्पर मिळून सहाशे चौरस फूट पत्रा. उघडा पत्रा उष्णता अजिबात धरून ठेवत नाही. बाहेरच्यापेक्षा आत १० अंश जास्त हवे असतील तर नुसत्या पत्र्यातून जाणारी उष्णता भरून काढायलाच साधारण साडेतीन किलोवॉट लागतात, फटींतून जाणारं वेगळं. रात्रीचे दहा तास म्हणजे ३५ युनिट, ४२० रुपये. एका जोडासाठी, एका रात्रीला. बाजारातला २,००० वॉटचा हीटर तर इथे पाच-सहा अंशांच्या पुढे जाणारही नाही. शिवाय महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात. महिन्याला दोनशे युनिट वापरणारं घर अशा चार-पाच रात्रींत वरच्या टप्प्यात जातं, आणि ती जादा युनिटं चढ्या दरानं मोजली जातात.

इथे मला शेजारच्या पोल्ट्रीनं शहाणं केलं. पिल्लं आणली की तो माणूस सगळी शेड तापवत बसत नाही. पत्र्याचं गोल रिंगण करतो, वर दिवा टांगतो, पिल्लं त्याखाली. म्हटलं, माझं पिल्लू म्हणजे हा सांधा.

तेव्हा पेटी केली. आतून चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. पातळ प्लायच्या तुकड्यांची, बाहेरून इंचभर जाडीचे थर्मोकोलचे तक्ते चिकटवलेले. थर्मोकोल आतल्या बाजूला उघडा ठेवू नये, तो पेट घेतो. आत एका कोपऱ्यात जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा पिवळा दिवा, पत्र्याच्या तुकड्यावर, भोवती जाळीचा पिंजरा, लाकडापासून फूटभर लांब. एलईडी चालणार नाही, तो वीज वाचवतो म्हणजेच उष्णता देत नाही. दिव्याला अंडी उबवण्याच्या यंत्रात बसवतात तो डिजिटल तापमान-नियंत्रक जोडला, २४ अंशांवर लावून. अशी पेटी ६० वॉटमध्ये बाहेरच्यापेक्षा तेरा-चौदा अंश वर राहते. बाहेर ७ तर आत २०. दहा तासांना ०.६ युनिट, म्हणजे सव्वासात रुपये.

खर्चाचं म्हणाल तर थर्मोकोल ६०० ते ८००, नियंत्रक ३५० ते ६००, होल्डर-वायर-जाळी मिळून अडीचशे, दिवे दोन घेऊन ठेवा, पन्नास. प्लाय प्रत्येक हौशी सुताराकडे नको इतका पडलेला असतो. साधारण पंधराशेत काम होतं. शेड तापवण्याच्या चार रात्रींत पेटी फुकट झाली.

एक पथ्य मात्र कडक. पेटीत फक्त पाण्याच्या गोंदाचं काम. सनमायका चिकटवायचा कॉन्टॅक्ट गोंद, थिनर, लॅकर, स्पिरिटचं पॉलिश यांची वाफ पेट घेणारी असते आणि नियंत्रकाच्या प्रत्येक चालू-बंदला आत ठिणगी पडू शकते. ते सामान पेटीच्या खोलीतही उघडू नका.

दाराची चौकट किंवा खाटेची बाजू पेटीत मावत नाही. तिथे केस वाळवायचा ड्रायर पाच मिनिटं सांध्यावर फिरवा (वीज रुपयाभराची), गोंद लावा, आवळा, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर गरम पाण्याची रबरी पिशवी, त्यावर गोधडी. पिशवी अडीचशे-तीनशेला मिळते, बहुधा घरात असतेच. तीन तासांनी एकदा पाणी बदला. गोधडीखाली दिवा किंवा विजेचा शेकपट्टा ठेवून झोपायला जाऊ नका.

हीटर घ्यायचाच असेल तर

बोटं आखडतात, पटाशी नीट धरता येत नाही, हे खरंच. आखडलेल्या बोटांनी फिरत्या करवतीशी काम करणं धोक्याचं आहे. तेव्हा हीटर माणसासाठी घ्या, खोलीसाठी नाही.

दुकानदार सांगेल की तेलाचा हीटर वीज कमी खातो. पटवून घेऊ नका. २,००० वॉटचा कुठलाही हीटर, तेलाचा असो, पंख्याचा असो की हॅलोजनचा, तासाला दोन युनिटच खातो आणि त्या दोन युनिटांची उष्णताही सारखीच देतो. फरक उष्णता कशी पोचते यात आहे. हॅलोजन, १,२०० ते २,५०० रुपये, समोरच्या अंगाला लगेच ऊब देतो. पण लाल तापलेली नळी आणि उडता भुसा ही जोडी मला बघवत नाही. पंख्याचा ब्लोअर त्याच किमतीचा, तो तर भुसा आत ओढून तापल्या तारेवर घालतो. आठवड्यात जळका वास येऊ लागतो. तेलाचा सात ते बारा हजार, पण त्यात उघडी तार नाही. कार्यशाळेत चालण्यासारखा तोच एक. वीज वाचते म्हणून घेऊ नका, आग लागण्याची शक्यता कमी म्हणून घ्या, आणि त्याच्या पात्यांवरचा भुसा रोज पुसा. थंड-गरम एसी एका युनिटात दुप्पट-तिप्पट उष्णता आणतो हे खरं आहे, पण पस्तीस-चाळीस हजारांचं यंत्र रंध्याच्या धुळीत कोण ठेवणार?

हीटरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून बघता येतो, दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम. पक्कं बिल घ्या, वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणखी एक खर्च दुकानात कोणी सांगत नाही: २,००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते चालवलं तर प्लग वितळतो. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट ओढायला अंतरानुसार दीड-दोन हजार धरा. करवत आणि हीटर एकाच एक्स्टेन्शनवर कधीच नको.

मोठा खर्च करायचाच असेल तर माझं मत छपराला. पत्र्याखाली चांदीसारखी चकाकती फुग्यांची शीट बसवून चौरस फुटाला २५ ते ४० रुपये पडते. माझ्या दीडशे फुटांना चार ते सहा हजार. पहाटे पत्र्याला खालून सुटणारा घाम करवतीवर ठिबकायचा थांबतो, रात्री दोन-तीन अंश टिकतात, आणि मे महिन्यात, जेव्हा खरी शिक्षा असते, तेव्हा त्याच शीटमुळे शेडमध्ये उभं राहता येतं. हीटर दोन महिने कामाचा, शीट बारा महिने.

गॅस आणि शेगडी यांवर फार लिहायची गरज नाही, पण लिहिलंच पाहिजे. बंद शेडमध्ये कोळशाची शेगडी पेटवू नका. तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि माणूस बसल्या जागी जातो. गॅसच्या शेगडीतही तोच धोका, वर आणखी एक: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. ते गार लोखंडावर बसतं, आणि सकाळी करवतीचा पाट तांबूस दिसतो.

गंज, गोठलेलं तेल आणि बाकीचं

गंजाला गॅसच लागतो असं नाही. पहाटेचं दव, धुकं, पाण्याच्या पाळीवर असलेला शेजारचा बाग, एवढं पुरतं. गार ओतीव लोखंडावर दमट हवा टेकली की पाणी सुटतं. यंत्रावर प्लास्टिक टाकू नका, आतच घाम धरतो. जुनी सुती चादर दुमडून टाका, खर्च शून्य. पाटावर महिन्यातून एकदा मेणाचा पातळ हात, डबा तीनशे ते सातशे, दोन वर्षं पुरतो. रंधे-पटाशांच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, अर्धा किलो दोनशेच्या आसपास, ओल्या झाल्या की तव्यावर मंद आचेनं वाळवून पुन्हा वापरा. काही लोक हत्यारांना खोबरेल तेल लावतात. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, भुसा धरतं आणि वंगणाचं काम करत नाही. शिलाई यंत्राचं तेल घ्या.

अ‍ॅराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा गोंद थंडीत मरत नाही, फक्त आळसावतो. तापमान १० अंशांनी उतरलं की जुळायला साधारण दुप्पट वेळ. नळ्या कोमट पाण्याच्या वाटीत दहा मिनिटं ठेवल्या तर नीट मिसळतात. वाद्य दुरुस्त करणारे अजून सरस वापरतात. त्यांचा त्रास उलटा: गार लाकडावर सरस लावता लावता थिजतो, म्हणून आधी लाकूड शेकून घ्यायचं.

पॉलिशच्या कामाला आपली कोरडी दुपार वर्षातली उत्तम वेळ आहे, फक्त ती दुपारीच करा. संध्याकाळी लावलेला स्पिरिट पॉलिशचा हात दव पडलं की पांढुरका होतो. पाण्यावर आधारलेलं पीयू गोंदासारखंच, १५ अंशांखाली नको. जवसाचं तेल वाळायला थंडीत दिवसांऐवजी आठवडे लागतात, आणि त्यात भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात ठेवले तर आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

बॅटरीवरची ड्रिल रात्री घरात आणा. लिथियमची बॅटरी अगदी गार असताना चार्जिंगला लावली तर तिचं आयुष्य घटतं, आणि नवी दोन-तीन हजारांच्या खाली येत नाही. मिशिगनला असलेला माझा भाचा तर बॅटरी आणि गोंद दोन्ही स्वयंपाकघरात ठेवतो. त्याच्या गॅरेजमध्ये गोंद अक्षरशः गोठतो, आणि एकदा गोठून गुठळ्या झालेल्या गोंदाला काही उपाय नसतो.

कपड्यांचं सांगायचं तर कानटोपी चालेल. मफलर, शाल, लोंबत्या बाह्यांचा स्वेटर आणि हातमोजे फिरत्या यंत्राजवळ नाहीत. पाय शहाबादी फरशीवर गारठतात, तिथे रबरी चटई टाका, तीन-चारशेची. पायाखालून ऊब टिकली की हीटरची आठवण कमी येते, निदान मला तरी.

फळी कधी घ्यायची

थंडीचा एक खर्च थंडीत दिसत नाही. पावसाळ्यात ८५ टक्के दमट हवेत लाकडात सतराअठरा टक्के पाणी असतं. जानेवारीच्या दुपारी आर्द्रता तिसावर आली की तेच लाकूड सहा-सात टक्क्यांकडे ओढ घेतं. सागवान त्यातल्या त्यात शांत, तरी सपाट चिरलेली फळी दर एक टक्का पाण्याला रुंदीत साधारण ०.२ टक्के आकसते. दोन फूट रुंद माथ्यातलं पाणी सहा टक्क्यांनी घटलं तर सात मिलिमीटर. हा माथा खालच्या चौकटीला चारी बाजूंनी गोंदानं आणि स्क्रूनं जखडला असेल तर तो उलणारच. दोष थंडीचा नाही, जखडण्याचा. स्क्रूचं भोक लांबट करा, त्याला पैसे पडत नाहीत.

वखारीत ‘सुकं आहे साहेब’ हे शब्द बाराही महिने ऐकू येतात. टोचून पाणी मोजणारं यंत्र हजार ते अडीच हजारांना येतं. वर्षाला दोन-तीन घनफूट लाकूड घेणाऱ्यानं ते घ्यावंच. टोचा फळीच्या टोकाशी नाही, मध्यावर, टोक आधी सुकतं. बारा टक्क्यांच्या वर आकडा आला तर भाव पाडून घ्या किंवा फळ्या घरी पट्ट्यांवर रचून महिना-दीड महिना थांबा.

आणि जानेवारीत खण करत असाल तर तो खाच्यात घट्ट बसवण्याचा मोह आवरा. आता सहज सरकणारा खण आषाढात फुगून अडकतो. उभ्या रेषेच्या लाकडाला सहा इंच उंचीमागे दीड मिलिमीटर, सपाट चिरलेल्याला तीन मिलिमीटरच्या आसपास जागा वर सोडा. आज ती फट बघून घरचे विचारतील. त्यांना जुलैपर्यंत थांबायला सांगा.